पाँटियॅकचा पाव मैल

ज्या देशात पाण्याची बाटली पेट्रोलपेक्षा महाग पडते, त्या देशात राहून माझ्या नवऱ्याने पेट्रोल वाचवलं. तेही कुठल्या गाडीत, तर आठ सिलिंडरच्या अमेरिकन पाँटियॅक जीटीओमध्ये. वाघ पाळायचा आणि त्याला वरणभातावर ठेवायचं, असला प्रकार.

नवऱ्याचं नाव सूर्यकांत. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते आणि मनात एकेरीवर येते. इथे मनातलाच सूर्यकांत चालू दे, कारण थोडं रागावल्याशिवाय मला ही गोष्ट सांगताच येणार नाही.

आम्ही शारजात अल मजाजला राहायचो, खालिद लगूनच्या काठावरच्या एका उंच बिल्डिंगमध्ये. सूर्यकांत रोज पहाटे जबल अलीला जायचा. तिथे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी मॅनेजर होता. सगळी हयात पाइप फुटतात का ते बघण्यात गेली, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू केव्हातरी फुटणार, असं त्याचं ठाम मत. घरात नवा डिनर सेट होता, तो खोक्यात. चांगल्या चादरी होत्या, त्या बॅगेत. 'पुण्याला गेल्यावर वापरू' हे वाक्य मी आमच्या लग्नातल्या मंगलाष्टकांपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

पाँटियॅक आमच्याकडे आली ती त्याच्या जुन्या साहेबामुळे. मिस्टर ट्रॅव्हर्स अमेरिकन होते, डेट्रॉइटकडचे. तरुणपणी त्यांनी ही सदुसष्ट सालची गाडी घेतली, तिथे शर्यतीत पळवली, आणि नोकरीसाठी आखातात आले तेव्हा बोटीतून बरोबर आणली. कुवेतचं युद्ध सुरू व्हायच्या बेताला ते घाईघाईने मायदेशी परतले आणि जाताना किल्ली सूर्यकांतच्या हातावर ठेवून गेले. गाडी तेव्हा अगदीच मोडकळीला आलेली. सीटांमधून काथ्या बाहेर, पत्र्याला गंज, इंजिन गपगार.

ते साहेब जेवायला यायचे तेव्हा या गाडीची जन्मकथा सांगायचे. सूर्यकांत मान डोलवायचा, पण खरं ऐकत मी असायचे, पोळ्या वाढता वाढता. पाँटियॅक ज्या मोठ्या कंपनीची, त्या कंपनीने त्रेसष्ट सालाच्या सुरुवातीलाच फर्मान काढलं की आपल्या कुठल्याही शाखेने शर्यतींच्या भानगडीत पडायचं नाही. पाँटियॅकच्या इंजिनियरांना वेगाचं वेड. ते कसले ऐकतात! त्यांनी मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन उचललं आणि मध्यम आकाराच्या, घरगुती गाडीत बसवलं. वेगळी गाडी म्हणून नाही, तर साध्या गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायची एक सोय म्हणून. शर्यतीला बंदी होती ना? मग शर्यतच लोकांच्या दारात नेऊन उभी केली. दिसायला घरंदाज, आणि सिग्नल हिरवा झाला की भल्याभल्यांना मागे टाकणारी. मला ही गोष्ट फार आवडायची. वरणाची वाटी हातात धरून मी उभीच राहायचे.

गाडी पुन्हा उभी केली ती खैरुद्दीनभाईंनी. हे मूळचे रत्नागिरीचे, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं मोठं गॅरेज. माणूस तोंडाळ आणि मनाने राजा. दर शुक्रवारी सूर्यकांत तिकडे, आणि मी त्यांच्या बायकोशी, बानूशी गप्पा मारत गॅरेजच्या ऑफिसात. वर्षं गेली, पण गाडी झाली. गडद हिरवी, लांबलचक, समोरून बघितली की कपाळाला आठ्या घातल्यासारखी. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या हातातला चहा कपात थरथरला. मी त्याच क्षणी ठरवलं, ही मला चालवायचीच.

आणि त्याच महिन्यात सूर्यकांतने तिला बांधून घातलं.

झालं असं, की पहिल्या टाकीनंतर त्याने हिशेब केला. गाडी लिटरला पाच किलोमीटरही देईना. पुण्याच्या माणसाला ॲव्हरेज विचारल्याशिवाय झोप लागत नाही. स्कूटर असो, विमान असो, पहिला प्रश्न 'देते किती?' हाच. आता जीटीओच्या कार्बोरेटरला चार तोंडं असतात. पुढची दोन लहान, ती रोजच्या चालीची. मागची दोन मोठी, ती पाय पूर्ण दाबला की उघडतात, आणि गाडीचं खरं बळ तिथे. सूर्यकांतने एक बारीक तार घेतली आणि मागची दोन तोंडं उघडणारच नाहीत अशी बांधून टाकली.

"अहो, इथे गॅलनला चार दिरहम पडतात. म्हणजे पन्नास रुपये. म्हणजे लिटरला अकरा-बारा रुपये," मी म्हटलं, "पुण्यात याच्या दुप्पट-तिप्पट देता ना?"

"म्हणून काय उधळायचं?" तो म्हणाला. "आणि जितकी ताकद कमी लावू, तितकं इंजिन टिकेल."

खैरुद्दीनभाईंना हे कळलं असतं तर त्यांनी त्याला गॅरेजच्या खड्ड्यात पुरलं असतं. म्हणून गाडी त्यांच्याकडे न्यायची असली की हा आधी तार काढायचा आणि घरी आल्यावर परत बांधायचा. सासूबाई दारात आल्या की मी गाऊन बदलून साडी नेसायचे, त्यातलाच हा प्रकार.

मी चालवायला मागितली की उत्तर तयार. क्लच जड आहे. गिअर अवघड आहे. शुक्रवारी ट्रॅफिक असतं, इतर दिवशी मी ऑफिसात असतो. लायसन्स माझ्याकडे होतं, बरं का. शारजाच्या परीक्षेत इतक्या वेळा नापास होऊन मिळवलेलं की परीक्षा घेणाऱ्या पोलिसाने शेवटी हात जोडले. पण माझ्या नशिबी आमची छोटी जपानी गाडी, भाजी आणायला आणि आमच्या लेकीला, अवनीला ट्यूशनला सोडायला. मग मी एक केलं. दुपारी खाली पार्किंगमध्ये जायचं, जीटीओचं दार उघडायचं, आणि इंजिन बंद ठेवूनच आत बसायचं. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. वॉचमनला वाटायचं, मॅडमचं नवऱ्याशी भांडण झालंय. अगदीच चूक नव्हतं त्याचं.

दोन हजार एक साल उजाडलं आणि जबल अलीचा कारखाना बंद करायचं ठरलं. मार्चअखेर व्हिसा कॅन्सल, मग पुणे. कोथरूडला फ्लॅट तयारच होता, पण तिथे उजव्या स्टिअरिंगच्या देशात ही आगबोट न्यायची कशी? सूर्यकांतने ती अहमदला द्यायचं ठरवलं. अहमद इथलाच, खवानीजला त्याची वाडी, आणि जुन्या अमेरिकन गाड्यांचा जबरदस्त षौक. त्यांच्या क्लबने उम्म अल क्वैनच्या बाजूला एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती ठेवल्या होत्या. अहमद म्हणाला, शुक्रवारी तिथे आणा, एकदा पळवा, आणि शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन जाईन.

म्हणजे माझ्या हातात एकच दिवस उरला होता. शुक्रवार.

फेब्रुवारीतली छान सकाळ होती. वाळूवरून गार वारा येत होता. धावपट्टीच्या कडेला गाड्याच गाड्या, चहाची एक पिकअप, तंबूत गालिचे अंथरलेले, आणि हवेत जळलेल्या रबराचा वास. आम्ही तिघं आणि खैरुद्दीनभाई-बानू. अवनी तेव्हा पंधरा वर्षांची, सगळ्या गोष्टींना कंटाळलेली.

"व्हाय आर वी इव्हन हिअर?" ती म्हणाली.

"तुझ्या बाबांची हौस," मी म्हटलं. माझी हौस मी पोटातच ठेवली.

शर्यत समजायला सोपी असते. दोन गाड्या शेजारी शेजारी. मध्ये एका खांबावर दिवे. पिवळे दिवे एकाखाली एक लागत येतात, मग हिरवा लागतो, की सुटायचं. सरळ पाव मैल. वळण नाही, घाट नाही, कुणाला चुकवायचं नाही. मिस्टर ट्रॅव्हर्स सांगायचे, अमेरिकेतही हा खेळ असाच ओसाड धावपट्ट्यांवर वाढला.

सूर्यकांतच्या शेजारी आली एक पांढरी, चारचौघांसारखी जपानी गाडी. चालवणारा मुनीर, कराचीचा, दुबईत एका बँकेत नोकरीला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खैरुद्दीनभाई हसायलाच लागले. "वहिनी, बघा आता. बिचाऱ्याची धूळधाण."

हिरवा दिवा लागला. सूर्यकांतने झोपलेलं बाळ उचलावं तशी गाडी उचलली. पहिला गिअर, मग हलकेच दुसरा. मुनीर केव्हाच पुढे गेला. आमची आठ सिलिंडरची जीटीओ त्याच्या मागोमाग, नवरदेवाच्या वरातीत चालावं तशी, पाव मैल चालून आली. बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाडी परत आली तेव्हा खैरुद्दीनभाईंचा चेहरा लाल झाला होता. "आवाज अर्धा येत होता," ते म्हणाले. "माझं इंजिन असं बोलत नाही." सूर्यकांत "ट्रॅक ओबडधोबड आहे" वगैरे पुटपुटत होता. नाचता येईना अंगण वाकडं. खैरुद्दीनभाईंनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, आणि काही वेळ वर आलेच नाहीत.

"साहेब, ही तार कसली?"

मीच सांगून टाकलं, "ॲव्हरेजसाठी."

"ॲव्हरेज?" खैरुद्दीनभाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अल्ला! बानू, ऐकलंस? मी अमेरिकेहून पार्ट मागवले, रात्रीचा दिवस केला, आणि हे साहेब ॲव्हरेज बघत होते! अहो, घोड्याचे दोन पाय बांधून गवत वाचवलंत तुम्ही!"

तेवढ्यात अहमद आला. त्याने काही विचारलं नाही, फार सभ्य माणूस. सूर्यकांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोई बात नहीं, साब. इंजिन पुराना है, थक गया. खलास. मैं नया डाल दूँगा."

नवं इंजिन. म्हणजे हे काढून फेकणार. आणि सूर्यकांत म्हणाला काय, तर "ॲज यू विश." माझा तिळपापड झाला.

जुम्म्याच्या नमाजासाठी शर्यती थांबल्या. अहमद, खैरुद्दीनभाई, मुनीर, सगळे तंबूकडे गेले. बानूने आपल्या गाडीजवळ चटई टाकली. सूर्यकांत जीटीओच्या सावलीत डबा उघडून बसला. शेपूची भाजी आणि पोळी. असल्या वेळी हा माणूस जेवू शकतो!

"दुपारी परत पळवता येते," मी म्हटलं. "नाव नोंदवलेलं आहे."

"कशाला? झालं की."

"मी चालवणार आहे."

पोळीचा तुकडा हातात राहिला. "छाया, काहीतरी बोलू नकोस."

"उद्या ती जाणार. मला एकदा चालवायचीय. मी किती वर्षं मागतेय तुमच्याकडे. दागिना नाही मागितला, फॉरेन टूर नाही मागितली. ही मागितली."

"आणि मोडली म्हणजे? आज, शेवटच्या दिवशी? इतकी वर्षं जपली..."

"कुणासाठी जपली?" माझा आवाज चढला. बानूने चटईवरून मान वळवली आणि परत फिरवली. "ते इंजिन अहमद काढून टाकणार आहे. थकलंय म्हणतो. तुमच्या हातात एकदाही पळालं नाही आणि थकलं! त्या इंजिनियरांना कंपनीने बंदी घातली होती, तरी त्यांनी ही गाडी काढली. तुम्हाला कुणी बंदी घातली नव्हती, तरी तुम्ही हिला बांधून ठेवलंत."

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी जास्तच चिडते. "आणि मलाही," मी म्हटलं. "मलाही तसंच ठेवलंत. पुण्याला गेल्यावर, पुण्याला गेल्यावर. अहो, माझी इथेच पन्नाशी आली."

वाऱ्याने डब्याचं झाकण उडालं. सूर्यकांतने ते उचलून आणलं, डबा बंद केला, हात धुतले, पुसले. प्रत्येक गोष्ट नीट, सावकाश. मला वाटलं, आता हा किल्ली खिशात टाकून घरी चल म्हणणार. त्याऐवजी त्याने बॉनेट उघडलं. पक्कड घेतली. तार कापली नाही, उलगडून काढली, सरळ केली आणि खिशात ठेवली. स्वभावाला औषध नाही. मग मागच्या दोन तोंडांच्या झडपा बोटाने उघडून मिटून पाहिल्या. बराच वेळ पाहत राहिला.

आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"क्लच अर्ध्यावर धरून ठेवू नकोस," एवढंच म्हणाला.

नमाजाहून परतलेल्या अहमदला मी विचारलं, बाईने चालवलेलं चालेल का. आजूबाजूला एकही बाई ओळीत नव्हती. अहमद विचारात पडला. मग म्हणाला, "रूल में तो कहीं नहीं लिखा कि लेडीज़ नहीं. किसी ने पूछा ही नहीं आज तक." आणि हसून पुढे म्हणाला, "मेरी माँ वाडी में पिकअप चलाती है, रेत में, बिना लायसन्स. आपके पास तो लायसन्स है. यल्ला, हेल्मेट लीजिए."

हेल्मेट त्याच्या भाच्याचं होतं, आत अत्तराचा वास. चपलांवर चालवायची परवानगी नव्हती. मी अवनीकडे पाहिलं.

"आई, नो. नो वे. यू विल डाय."

"शूज दे."

"एव्हरीवन इज लुकिंग!"

"बघू देत."

तिने शूज काढले, माझ्यापुढे वाळूत बसली आणि स्वतः नाड्या बांधल्या, दोनदा गाठ मारून. माझी लेक माझ्यासाठी घाबरून, इतकी जवळ आलेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

शेजारच्या पट्टीवर पुन्हा मुनीरच आला. मीच मागितला होता त्याला. काचेतून त्याने मान लववली. मी सलवार सावरून सीट पुढे ओढली, बेल्ट घट्ट केला. किल्ली फिरवली. आजवर शेकडो वेळा इथे बसले असेन, पण इंजिन चालू असताना ही सीट कशी थरथरते ते मला ठाऊकच नव्हतं.

पिवळा. पिवळा. पिवळा. हिरवा.

मी घोळ घातला. स्पष्टच सांगते. क्लच भसकन सोडला, मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर झाला, गाडीचं बूड डावीकडे सरकलं. मुनीर निघूनही गेला. माझ्या मनात आलं, झालं, बाईने चालवली आणि तोंड काळं झालं. मग चाकांनी जमीन पकडली. दुसरा गिअर माझ्या हाताला आपोआप सापडला, पार्किंगमध्ये सापडायचा तसाच. मी पाय खाली दाबला. पूर्ण. जाईल तिथपर्यंत.

आणि मागची दोन तोंडं उघडली.

आधी आवाज आला. पिठाच्या गिरणीचा पट्टा चढताना जसा घुमत वर जातो, तसा, पण गिरणी माझ्या छातीतच. मग सीटने मला पाठीमागून धरलं. गाडीचं नाक वर उचललं गेलं. तिसरा गिअर टाकला तेव्हा मी ओरडत होते, काय ते आठवत नाही, बहुतेक देवाचं नाव असावं, बहुतेक शिवी. मुनीरची पांढरी गाडी माझ्याकडे खेचल्यासारखी मागे येत होती. आधी तिची मागची चाकं दिसली, मग दार, मग मुनीरचा कान. तेवढ्यात शेवटची पाटी गेली.

हरले. बॉनेटभर मागे राहून हरले. आणि मला इतका आनंद झाला होता की हरल्याचं समजायलाच वेळ लागला.

धावपट्टीच्या टोकाला मी गाडी थांबवली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. हेल्मेट काढलं, वारा तोंडावर घेतला, आणि एकटीच खदखदून हसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू संपूर्ण वापरली होती.

परतीचा रस्ता धावपट्टीला लागूनच होता, हळू जायचा. अर्ध्या वाटेवर एक माणूस समोरून येताना दिसला. आधी चालत होता, मग पळायला लागला. सूर्यकांत! गुडघे दुखतात म्हणून जिनाही न चढणारा. डोक्यावर टोपी नाही, शर्ट बाहेर आलेला. मला वाटलं, आता हा पहिल्यांदा टेम्परेचरचा काटा बघणार. त्याने खिडकीत हात टेकले आणि धापा टाकत माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे.

"तू ठीक आहेस?"

"ठीक? अहो, मी... तुम्ही ऐकलात ना आवाज?"

"ऐकला." त्याचे डोळे भरले होते. "मी बांधला होता तो."

गाडीला वळसा घालून तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी गाडी हलवली नाही. त्याने बाहेर आलेला शर्ट आत खोचला. मग म्हणाला, "छाया, पुण्याला जाऊन काय करायचं, मला काहीच कळत नाहीये. मला फार भीती वाटतेय."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. 'होईल सगळं नीट' ऐकलं होतं, 'बघू' ऐकलं होतं. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. माझ्या मनात आलं, हा माणूस गाडीला नव्हता जपत. काही फुटलं तर आपल्याला ते जोडता येणार नाही, या धास्तीत बसला होता. एकटाच.

"मलाही नाही कळत," मी म्हटलं. "पण आता आपण दोघं घाबरू. एकट्याने नको. बेल्ट लावा."

कुंपणाजवळ पोचलो तर गर्दी जमली होती. खैरुद्दीनभाई नाचायचेच बाकी होते. "वहिनी, हे माझं इंजिन! आता बोललं!" बानूने खिडकीतून हात घालून माझ्या गालावरून बोटं मोडली. मुनीर आला आणि अदबीने म्हणाला, "भाभी, और पचास मीटर होते ना, तो मैं गया था." आणि अहमदने बॉनेटवर तळहात ठेवला, ते गरम होतं तरी. "इस इंजिन को मैं हाथ नहीं लगाऊँगा," तो म्हणाला. "वादा." मग सूर्यकांतकडे वळून, "कल सुबह आऊँ?"

सूर्यकांत म्हणाला, "सुबह नहीं. शाम को आइए. सुबह मॅडम को चाहिए गाड़ी."

मला कोणी विचारलंच नव्हतं. पण या वेळी मी तक्रार केली नाही.

अवनी मागच्या सीटवर चढली. पायात माझ्या चपला, तिला जराशा मोठ्या. "दॅट वॉज," ती म्हणाली आणि थांबली. मग मराठीत म्हणाली, "आई, भारी होतं." आमच्या घरात लेक इंग्रजीतच उत्तरं देते. हे मराठी तिने मला बक्षीस म्हणून दिलं होतं, असं मी धरून चालते.

मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शारजाकडे, घराकडे डावीकडे वळायचं. उजवीकडे रास अल खैमा, आणि तिथे डोंगर. आम्ही इतकी वर्षं या देशात राहून ते डोंगर लांबूनच पाहिले होते. मी उजवीकडे वळले. रस्ता सरळ आणि मोकळा होता. मी बेतानेच चालवत होते, कारण मागे लेक होती आणि शेजारी हा घाबरट माणूस.

थोड्या वेळाने सूर्यकांतने काच खाली केली, हात बाहेर काढून वाऱ्यावर धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जरा जोरात घे ना."